एकमताने नामंजूर

दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. आणि चहा आधी संपवा, नाहीतर हसताना अंगावर सांडाल. मी माझ्या हाताने माझंच काम असं मातीत घातलंय की सांगायची सोय नाही.

तुम्हाला माहीतच आहे, मी कोल्हापुरात मनोविकारांची डॉक्टर. दारू सोडू पाहणाऱ्या माणसांत निम्मं आयुष्य गेलं. आम्ही काही डॉक्टरांनी मिळून एका औषधाची चाचणी ठरवली होती. दारूची तलफ जरा बोथट व्हावी, असं औषध. अगदी पहिला टप्पा, मोजकी माणसं. औषध अंगाला सोसतं का, काही उपयोगाचं दिसतं का, एवढंच बघायचं. सगळ्या परवानग्या आल्या होत्या. अडलं होतं निधीपाशी.

मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थांना विचारलं. म्हणाल्या, आधी प्राथमिक निष्कर्ष दाखवा, मग निधी देतो. अहो, निधी नाही तर निष्कर्ष काय मंडईतून आणू? वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, त्यातली गत!

मग गावातल्या दानशूरांचे उंबरे झिजवले. इमारत बांधा, लगेच देतात, कारण दारावर वडिलांचं नाव लागतं. कुस्त्यांचं मैदान भरवा, चांदीची गदा देतात. पण औषधाच्या पहिल्या चाचणीत नाव कुठे लावणार? गोळीवर? त्यात मी खरं बोलायची खोड असलेली बाई. ही चाचणी फसूही शकते, असं मी आधीच सांगून टाकायचे. ते ऐकलं की समोरचा माणूस घड्याळ बघायला लागायचा. डोकं असं तापायचं माझं, की त्यावर भाकरी भाजली असती.

आणि घाई होती हो. पांडुरंगासाठी होती.

पांडुरंग माझा पेशंट. पेठ वडगावचा, आमच्या भागातल्या साखर कारखान्यात ऊस तोलायच्या काट्यावर नोकरीला. पावसाळाभर हा माणूस थेंबाला शिवत नाही. पण गळीत हंगाम सुरू झाला, की काट्याशेजारच्या डिस्टिलरीतून मळीचा वास सुटतो आणि हा घसरतो. दरवर्षी. गेल्या हंगामात असा घसरला की बायको पोरांना घेऊन माहेरी गेली, ती अजून आलेली नाही. हा हंगाम कोरडा काढलास तर येईन, असा तिचा निरोप आहे.

चाचणीत नाव घालायला तोच सगळ्यात पुढे होता. मी त्याला समजावलं, की तुला मिळालेली गोळी खरी की बिनऔषधाची, हे मलाही कळणार नाही. तर म्हणाला, "चालतंय की. पर हंगामाच्या आत सुरू करा."

शेवटी मी त्याच कारखान्याच्या चेअरमनकडे गेले. आप्पा. माझ्या वडिलांचे शाळासोबती, मला लहानपणापासून ओळखतात. म्हटलं, तुमच्या डिस्टिलरीतून दारूचा पैसा येतो, त्यातला थोडा दारू सुटण्यासाठी द्या. आप्पांनी चहा पाजला आणि "बगूया की" म्हणाले. पुढच्या खेपेला पुन्हा चहा, पुन्हा "बगूया की". कैक महिने हेच. त्या केबिनबाहेरच्या बाकाला माझ्या बैठकीचा खळगा पडला असेल.

आणि वार्षिक सभेच्या आधी आप्पांचा फोन आला. "पोरी, सभंला ये. पर येऊन गप बसायचं. कायबी झालं तरी त्वांड उघडायचं न्हाई."

आता तुम्हीच सांगा, कुणाचं पित्त खवळणार नाही? निधी द्यायचा नाही तो नाहीच, वर तोंड बंद ठेव म्हणून दम! वडिलांच्या पश्चात त्यांचा शेअर माझ्या नावावर झालाय. म्हणजे मीही सभासद. दिवाळीची साखर आणण्यापलीकडे त्या हक्काचा मी कधी उपयोग केला नव्हता. ठरवलं, यंदा करायचा.

आमच्याकडची कारखान्याची सभा तुम्ही पाहिली नसेल तर आयुष्य वाया गेलं. विषय वाचायचा अवकाश, चेअरमनची माणसं "मंजूर" ओरडतात, विरोधी गट "नामंजूर" ओरडतो. काय वाचलं हे कुणालाच ऐकू जात नाही. ज्याचा आवाज मोठा, त्याचा ठराव.

मी पांडुरंगाशेजारी बसले. तोही सभासदच. कार्यपत्रिकेत आमच्या चाचणीचं नावसुद्धा नव्हतं. होता तो डिस्टिलरीच्या विस्ताराचा विषय. त्याला विरोध करायला मी पदर खोचून उठेपर्यंत तो मंजूर होऊन गेलासुद्धा! मी अशी धुमसले म्हणता. पांडुरंगाला म्हटलं, आता पुन्हा डिस्टिलरीचं नाव निघू दे, मग बघ.

पुन्हा निघालं. अगदी शेवटी सचिव उठले, ऐनवेळचा विषय म्हणाले आणि वाचायला लागले, "डिस्टिलरीच्या वाढीव नफ्यातून..."

"नामंजूर!"

हा माझा आवाज. कॉलेजात नाटकात कमावलेला. सचिव थबकले. आप्पा व्यासपीठावरून हाताने खाली बस, खाली बस करायला लागले. मला आणखी चेव आला. पांडुरंग माझ्या पदराला ओढत होता. मला वाटलं, नोकरीला घाबरतोय बिचारा. "घाबरू नकोस, तुझ्यासाठीच भांडतेय," असं त्याला सुनावून मी पुढे जाऊन माईकच हिसकावला. दारूच्या नफ्यातला एक पैसाही कुठे जाऊ देणार नाही, घरं मोडलीत ह्या नफ्यानं, असं काय काय बोलले. टाळ्या हो टाळ्या!

विरोधी गट तर उठलाच. पण खरी गंमत पुढेच. आप्पांच्या माणसांत कुजबुज झाली, की ही तर आप्पांच्या घरच्यासारखी. ही नामंजूर म्हणते म्हणजे आप्पांनीच उभी केली असणार. झालं. तेही ओरडले, "नामंजूर!" कारखाना उभा राहिल्यापासून दोन्ही गट एका सुरात ओरडल्याचं कुणाला आठवत नव्हतं. विरोधकांनी माझ्या डोक्याला फेटा बांधला. मी हात जोडून उभी, जणू आमदार झाले.

दंगा शमला तसं सचिवांनी, नियम म्हणून, उरलेलं वाक्य पुरं केलं. "...दारूच्या व्यसनावरील औषधाच्या पहिल्या टप्प्यातील चाचणीस संपूर्ण निधी देण्यात यावा, हा ठराव सभेने एकमताने नामंजूर केला."

फेट्यातसुद्धा माणसाला थंडी वाजते, हे मला तेव्हा कळलं.

आप्पांच्या केबिनमध्ये पुन्हा चहा आला. आप्पा चिडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "एकेक संचालक गाठून राजी केलता, पोरी. ठराव कार्यपत्रिकेत घातला असता तर विरोधकांनी आदीच पाडला असता, म्हणून ऐनवेळंला आणला. तुला काय सांगितलतं मी?"

"गप बस म्हणून."

"मग?"

पुढच्या सभेपर्यंत आता काही होत नाही, म्हणाले. इतके महिने मी संस्थांवर, दानशूरांवर, आप्पांवर जो राग राग केला, तो सगळा एकदम माझ्याच अंगावर आला. हंगाम तोंडावर आलेला, आणि त्या माणसाची आशा मी माईकवरून ओरडून मोडली.

बाहेर आले तर पांडुरंग गेटपाशी उभा. मी त्याच्याकडे बघूही शकेना. फेटा काढायचंही भान नव्हतं. कसंबसं म्हटलं, "पांडुरंगा, चुकलं रे माझं. आता ह्या हंगामात गोळी नाही."

त्याने एकदा काट्याकडे बघितलं. मग म्हणाला, "म्याडम, तलफ आली की जरा दम धर, ती आपोआप उतरती, आसं तुम्हीच सांगतासा न्हवं?"

"हो."

"मी हंगामभर दम धरून बगतो. पर पुढच्या साली गोळी आली, तर पयली तुम्ही घ्या. मला निदान वास आल्यावर तलफ येती. तुम्हाला नुसतं डिस्टिलरीचं नाव ऐकून आली."