मधूच्या घरचा बार

माझा दोस्त मधू गेल्याचा फोन आला तेव्हा मी मांडवीच्या घरी बांगडे साफ करत होतो. हार्ट अटॅक. महिना होऊन गेला, अजून खरं वाटत नाही. त्याआधीच्या रविवारी त्याच्या वाडीवर गेलो होतो, तर या गृहस्थाने चहा विचारायच्या आधी आजोबांच्या बंदुकीच्या नळ्या सुट्या करून सुतळीला टांगल्या आणि नखाने टिचकी मारली. "बद्द वाजतात ना? आतून गेल्यात या," म्हणाला.

लोक मुली बघायला जातात, हा बंदुका बघायला जायचा, पार दाभोळपर्यंत. साहेबाच्या काळातल्या विलायती, दोन नळ्यांच्या, वर दोन घोडे असलेल्या. परवान्यात बसल्या तेवढ्या घेतल्या, बाकीच्या नुसत्या डोळ्यांनी खाल्ल्या. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, ठोकून केलेल्या त्या नळ्यांवर ओहोटीनंतर वाळूवर उरतात तशा रेषा असतात. त्या दाखवताना त्याचा आवाज आपोआप खाली यायचा. मला कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू.

शिमग्यात पालखी अंगणात आली की तसल्याच, आजोबांपासून चालत आलेल्या बंदुकीचा बार काढायचा, ही त्यांच्या घरची चाल. त्यासाठी मधू काळी दारू भरून हलकं काडतूस स्वतः करायचा. आजचं विकतचं काडतूस या नळीत आरामात बसतं, पण त्याचा जोर तिला सोसत नाही. ती हातातच फुटते. गेल्या शिमग्याला नळीचा आवाज त्याला खटकला आणि त्याने बार काढलाच नाही. देवीचा मान मोडला, अशी कुजबुज वाडीत झाली. वर्षाच्या आत तो गेला. आता कुजबुजत नाहीत, तोंडावर बोलतात.

बंदूक आता नितीनकडे आहे. मधूचा मुलगा, बोटीवर नोकरीला. परवान्यात त्याचंही नाव आहे. परवा गेलो तर हा पडवीत विकतची काडतुसं घेऊन बसलेला.

"काका, बसतंय की व्यवस्थित."

"बसतं म्हणून चालतं असं नाय रे. बापाने तुझ्या उगाच बंद केलं काय?"

"बंद केलं म्हणूनच गेले ना बाबा?"

संताप आला मला. आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण तो हे अगदी शांतपणे म्हणाला. बाप गेलेल्या पोराला ओरडणार तरी कसं...

सुमनवहिनी हात पुसत बाहेर आल्या. "बार काढायचाच ना? मग चाप मी ओढते. तू अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे उभा राहा."

नितीन आईकडे बघत राहिला. मग उठून त्याने बंदूक भिंतीवर टांगली आणि मला म्हणाला, "काका, जेवूनच जा." जेवताना बापाच्या आठवणी काढून हसलासुद्धा. मला वाटलं, सुटलो.

पालखी आता दोन-चार दिवसांवर आली आहे. काल वहिनींचा फोन आला. "भावोजी, बंदूक आहे जागेवर," त्या म्हणाल्या, "पण काडतुसं घरात कुठंच नायत. विचारलं तर नुसता हसतो."