हनुवटीकाकांचा पहिला पंचनामा

फोटोग्राफरचं खरं नाव काय, हे फक्त त्यांच्या बायकोला आणि बँकेला ठाऊक. बाकी सगळे त्यांना हनुवटीकाका म्हणायचे. स्टुडिओतल्या स्टुलावर कोणीही येऊन बसलं, की कॅमेऱ्यामागून पहिला हुकूम सुटे, "हनुवटी वर." नवरदेव असो, परीक्षेच्या अर्जासाठी आलेली घामाघूम मुलगी असो, पेन्शनीतले आजोबा असोत, सुटका कोणाचीच नाही. बरं, हुकूम सोडून हा गृहस्थ जागेवर गप्प राहील तर शपथ. पुढे येऊन कॉलर सरळ करणार, खांद्यावर पडलेला केस उचलणार, मागच्या पडद्याची सुरकुती ओढून काढणार. लग्नात तर विचारूच नका. नवरा-नवरीच्या मागे कोणी चहाचा कागदी कप ठेवून गेलं, की तो चुरगळून यांच्या खिशात. फुलाचं देठ, चॉकलेटचा कागद, कोणाच्या तरी केसांतून पडलेली पिन, सगळं खिशात. धुणं भिजवण्याआधी काकू खिसे उलटे करायच्या आणि कपाळाला हात लावायच्या. लग्नाला जाता की झाडू मारायला, हा त्यांचा ठरलेला प्रश्न, आणि फ्रेममध्ये घाण चालत नाही, हे काकांचं ठरलेलं उत्तर.

अशा माणसाला एका सकाळी पोलीस ठाण्यातून फोन आला. ठाण्याचा नेहमीचा फोटोग्राफर मोटारसायकलवरून पडून पाय प्लॅस्टरमध्ये घालून बसला होता. एका घरी चोरी झाली होती आणि जागेचे फोटो लगेच हवे होते. काकांचा आनंद पोटात मावेना. अर्ध्या दाढीचा साबण तोंडावर तसाच ठेवून ते घरभर बॅटऱ्या शोधत फिरले. दर वर्षी ते ठाण्यात जाऊन आपलं कार्ड ठेवून येत, आणि दर वर्षी हवालदार ते टेबलाच्या काचेखाली सरकवून विसरून जात. शेवटी आज नशीब उघडलं होतं.

आणि नशीब उघडणं गरजेचंच होतं हो. मोबाइल आल्यापासून प्रत्येकाच्या हातात कॅमेरा. लग्नातसुद्धा नवरीचा मामा यांच्यापुढे हात उंचावून उभा. स्टुडिओत दिवसच्या दिवस माशी फिरकत नसे. फौजदार मॅडमनी फोनवरच सांगितलं होतं की काम नीट झालं तर यापुढे ठाण्याचं सगळं काम त्यांच्याकडे. काकांनी ते वाक्य काकूंना तीनदा ऐकवलं. काकू म्हणाल्या, आधी गुडघ्याला बाशिंग बांधू नका, तोंडावरचा साबण धुवा.

घर होतं एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंचं. त्या भावाकडे राहून आज परत आल्या, तर मागच्या खोलीतलं कपाट सताड उघडं आणि आईच्या बांगड्या गायब. रिकामी डबी दिसताच त्या घाबरून दारातूनच मागे फिरल्या होत्या, आणि त्यानंतर आत कोणी गेलं नव्हतं. पुढच्या दाराचं कुलूप मात्र जसंच्या तसं. फौजदार मॅडम उंच, शिडशिडीत, आणि बोलणं असं की समोरचा आपोआप सरळ उभा राहावा. त्यांनी काकांना उंबऱ्यावरच दोन गोष्टी बजावल्या. पहिली, आत कशालाही हात लावायचा नाही, जे जसं आहे ते तसंच फोटोत आलं पाहिजे. दुसरी, काढलेला एकही फोटो पुसायचा नाही, बिघडलेला असला तरी. काकांनी दोन्हींना जोरजोरात मान डोलावली. मॅडम बाहेर डॉक्टरीणबाईंचा जबाब घ्यायला बसल्या. हवालदार दाराशी उभे राहिले, पण तोंड बाहेर करून, कारण निम्मी गल्ली फाटकातून आत डोकवत होती.

काका आत शिरले. छाती अशी धडधडत होती की कॅमेरा गळ्यात नाचत होता. उघडं कपाट, पलंगावर विस्कटलेल्या साड्या, जमिनीवर लोळणारी रिकामी डबी. इथे कोणी हसा म्हणून हसत नव्हतं, कोणी पोझ घेत नव्हतं. सगळं खरं होतं. बाहेर जाऊन कोणाला तरी मिठी मारावी असं त्यांना वाटलं. त्यांनी दारातूनच अख्ख्या खोलीचा पहिला फोटो घेतला आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिला. झाली का पंचाईत. समोरची खिडकी अर्धवट उघडी होती, तिच्या तिरक्या काचेवर फ्लॅश आदळला होता आणि फोटोच्या मधोमध पांढरा गोळा बसला होता.

आता हात काय करत होते, हे डोक्याला विचारू नका. डोकं होतं पुढच्या फोटोत. हातांनी खिडकी ओढून घेतली, आतली कडी लावली, पडदा झटकून सरळ केला आणि चौकटीवर पडलेला काहीतरी कचरा उचलून, दुमडून खिशात घातला. आयुष्यभर जे केलं तेच. मग काकांनी एकापेक्षा एक फोटो काढले. कपाट, साड्या, डबी, कडी लावलेली खिडकी. मॅडम आत आल्यावर त्यांनी तेच दाखवले. तो गोळा बसलेला पहिला फोटो दाखवायची त्यांना लाज वाटली, पुसायची परवानगी नव्हती, म्हणून तो नुसता मागे राहिला.

मॅडम खिडकीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. कडी आतून. डॉक्टरीणबाई बाहेरून म्हणाल्या की हो, जाताना खिडक्या मी स्वतः लावल्या होत्या. पुढचं कुलूप शाबूत. म्हणजे चोर आला तो किल्लीने. आणि दुसरी किल्ली होती एकाच माणसाकडे, घरकाम करणाऱ्या बाईकडे. डॉक्टरीणबाईंचा तर चेहराच उतरला. ती तसली नाही हो, असं त्या पुटपुटल्या, पण खिडकीकडे पाहून त्यांचाही आवाज बसला. त्या बाईच्या खोलीची झडती घ्यायची, आणि लगेच, नाहीतर माल हलेल, असं मॅडमनी ठरवलं. कोर्टाच्या वॉरंटसाठी थांबता का येत नाही, याची कारणं त्यांनी तिथेच उभ्या उभ्या लिहून काढली. काका हे सगळं डोळे विस्फारून बघत होते. पहिल्याच दिवशी फोटो आणि झडतीचं चित्रीकरण, दोन्ही.

खोली जवळच्याच चाळवजा इमारतीत, तळमजल्यावर. दाराबाहेर बादली, वर दोरीवर ओले कपडे. बाई दारात आली आणि काकांनी तिला ओळखलं. ओळखपत्राच्या फोटोसाठी ती स्टुडिओत येऊन गेली होती. किती वेळा हनुवटी वर म्हणून सांगितलं, तरी मान आपली खाली. शेवटी ओशाळून म्हणाली होती, सवय नाही हो काका. आत्ताही ती तशीच उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. तोवर शेजारीपाजारी गोळा झाले, त्यांत ती जिथे काम करायची त्या घरांतल्या दोघीही होत्या. एकदा का पोलिसांनी हिच्या डब्यांत हात घातले, की बांगड्या सापडोत न सापडोत, हिला उद्यापासून कोणी दारात उभं करणार नव्हतं. हे तिला कळत होतं आणि काकांनाही. काकांच्या आनंदाला तिथे पहिला ओरखडा आला.

समोरचा न्हावी आणि वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमन, असे दोन पंच बोलावले गेले. पंच म्हणजे झडती डोळ्यांनी पाहणारे बाहेरचे साक्षीदार. मॅडमनी सगळ्यांना उंबऱ्याबाहेर ओळीत उभं केलं आणि खिसे रिकामे करायला सांगितलं. पोलिसांनी, पंचांनी, फोटोवाल्यांनी, सगळ्यांनी. आधी आपली झडती द्यायची आणि मगच दुसऱ्याच्या घरात पाय टाकायचा. पुष्कळ ठिकाणी हे नुसतं बोलण्यावारी नेतात, पण मॅडमचे हात पोळलेले होते. मागे एकदा कोर्टात वकिलाने विचारलं होतं की सापडलेली वस्तू पोलिसांनीच खिशातून आणून ठेवली नाही कशावरून, आणि त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून खिसे उलटे केल्याशिवाय त्या कोणाच्या घरात जात नसत.

न्हाव्याच्या खिशातून कंगवा निघाला, पोस्टमनांच्या खिशातून औषधाच्या गोळ्या. काकांनी चालू कॅमेरा हवालदारांच्या हातात दिला आणि आपला खिसा उपसायला सुरुवात केली. बॅटरी, काच पुसायचं फडकं, पेपरमिंट, आणखी एक बॅटरी. लोक हसायला लागले. काका पण हसले. मग शेवटची वस्तू हाताला लागली. टोकाला आकडा वळवलेली, हातभर लांबीची, दुमडून बारीक केलेली तार.

काका तिच्याकडे बघत राहिले. ही कुठून आली? आणि मग त्यांना आठवलं. चौकटीवरचा कचरा. तिरकी काच. ती ओढून घेणारा आपला हात. आपण कडी लावली. घरातली कडी आपण लावली.

"फ्रेम टांगायची तार का?" मॅडमनी सहज विचारलं आणि त्या पुढच्या माणसाकडे वळल्यासुद्धा.

बघा, सुटका आयती चालून आली होती. नुसतं हो म्हणायचं होतं. स्टुडिओत अशा तारांची भेंडोळी पडलेली असतात, कोणाला संशय यायचं कारण नव्हतं. हो हा शब्द काकांच्या जिभेच्या शेंड्यावर होता. ठाण्याचं काम, बंद पडत चाललेला स्टुडिओ, काकूंना तीनदा ऐकवलेलं ते वाक्य, सगळं त्या एका शब्दाला लोंबत होतं. त्यांनी मान वळवली. दारातली बाई जमिनीकडे बघत उभी होती. काका बोलले.

"नाही मॅडम. ही तिथल्या खिडकीत होती. खिडकी उघडी होती. कडी मी लावली."

मॅडम सावकाश परत वळल्या. का लावली, असं त्यांनी इतक्या हळू विचारलं की काकांना ओरडणं परवडलं असतं. काकांनी सांगितलं. काचेवर फ्लॅश येत होता. हवालदारांनी डोळे मिटून घेतले. मॅडमचा चेहरा लाल झाला, आणि मग त्यांनी तोंडाचा पट्टा सोडला तो असा, की न्हावीसुद्धा दोन पावलं मागे सरकला. कशालाही हात लावायचा नाही म्हणजे काय, मराठीत सांगितलं होतं ना. लग्न होतं का ते. निरपराध बाईला तुमच्या फ्लॅशपायी कोठडीत बसवलं असतं मी, असं त्या म्हणाल्या, आणि त्या 'मी' या शब्दावर त्यांचा स्वतःचाच आवाज अडकला.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग घाईघाईने म्हणाले की मॅडम, पहिला फोटो आहे, बिघडलेला, पण आहे, तुम्ही पुसू नका म्हणाला होतात. पंचांसमोर तो काढून पाहिला गेला. मधोमध पांढरा गोळा, त्याच्या बाजूला अर्धवट उघडी काच, आणि खाली चौकटीवर आकड्याची तार, स्पष्ट. बाहेरून आकडा घालून कोणीतरी कडी उचलली होती आणि तिथूनच पसार झालं होतं. पोस्टमन चष्मा वर करून तीन वेळा बघून आले. आणि गंमत म्हणजे सकाळपेक्षाही जास्त आनंद त्यांना आत्ता झाला होता. आयुष्यात इतका खराब फोटो त्यांनी काढला नव्हता आणि इतका चांगलाही.

मॅडम बाईकडे वळल्या. "झडतीला कारण लागतं, ताई. आमच्याकडे होतं ते गेलं. तुमच्या घरात आम्ही येत नाही."

हे त्यांनी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, त्या दोघी मालकिणींच्या कानावर जाईल असं. मग काकांना म्हणाल्या की तुमचा जबाब होईल, कोर्टातही यावं लागेल, वकील तुम्हाला सोलून काढेल. आणि साक्षीदाराला फोटोग्राफर म्हणून ठेवता येत नाही, तेव्हा ठाण्याचं काम विसरा. काकांनी मान डोलावली. हातातोंडाशी आलेला घास गेला होता, आणि घरी जाऊन काकूंना सांगायचं होतं.

तार जप्त करायची होती. ती काकांच्या तळहातावर ठेवून, काकांसकट, फोटो हवा होता. कॅमेरा हवालदारांकडे होता. काका भिंतीशी उभे राहिले, तळहात पुढे करून. मागे दोरीवरचे ओले कपडे फ्रेममध्ये येत होते, पायाशी बादली येत होती, सगळं वाईट दिसणार हे त्यांना दिसत होतं. दुसरा हात सवयीने बादलीकडे निघाला आणि अर्ध्या वाटेत थांबला. त्यांनी तो पाठीमागे घेतला. इतक्या लोकांसमोर वर बघवेना, म्हणून ते तारेकडेच बघत राहिले. हवालदार म्हणाले, चेहरा दिसत नाहीये, पण काकांची मान काही उचलेना.

तेव्हा दारातून आवाज आला. बाईने पदराचं टोक सोडलं होतं आणि ती सरळ त्यांच्याकडे बघत होती.

"काका," ती म्हणाली, "हनुवटी वर."

आणि काकांनी ती वर केली.