मिरचीच्या पथारीवर एकचाकी

विसरवाडीला बस थांबली तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. सकाळी नाशिकहून निघाल्यापासून बसून बसून अंग आंबलं होतं. कंडक्टरने आधी माझी पिशवी खाली ठेवली, मग हात देऊन मला उतरवलं आणि बस नवापूरकडे निघून गेली. समोर महामार्ग होता आणि पलीकडे चहाच्या टपरीपाशी पुष्पा उभी होती. मधून सुरतेकडे जाणारे ट्रक एकामागोमाग एक धडधडत होते. मी एक पाऊल पुढे टाकलं आणि मागे घेतलं. पुन्हा टाकलं, पुन्हा घेतलं. एक आजोबा शेळीला दोरीने ओढत माझ्या शेजारून आरामात पलीकडे गेले, आणि मी विजेच्या खांबाला धरून तिथेच. वीस मिनिटं हा तमाशा बघून शेवटी पुष्पाच अलीकडे आली, माझा दंड धरला आणि मला पलीकडे नेलं.

"वसू, हे काय गं? हॉस्टेलच्या भिंतीवरून उड्या मारायचीस ना तू?" ती म्हणाली.

मारायचे. पण गेल्या वर्षी भाजी आणायला निघालेली मी फुटपाथवरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं. कान तपासून झाले, डोळे तपासून झाले. डॉक्टर म्हणाले, "सगळं ठीक आहे, फक्त भीती आहे, आणि तिच्यावर माझ्याकडे गोळी नाही." तेव्हापासून कुणाचा तरी हात, नाहीतर भिंत, नाहीतर कठडा धरल्याशिवाय माझं पाऊल उचलत नाही. माझी मुलगी केतकी पुण्यात असते. तिने ठरवून टाकलं होतं की नाशिकचं घर भाड्याने द्यायचं आणि मी कायमची तिच्याकडे जायचं. भाडेकरूही तिने बघून ठेवले होते. माझं घर, माझी गच्ची, माझा शेजार सोडायचा या विचाराने मला रडू यायचं. पण नाही म्हणायला तोंड कुठे होतं? "नंदुरबारहून आले की सांगते," एवढं म्हणून मी निघाले होते. हो किंवा नाही, काय ते आठ दिवसांत ठरवायचं होतं.

पुष्पा माझी कॉलेजची मैत्रीण. तिच्या सासऱ्यांचे वडील राजस्थानातून इथे आले आणि मिरचीच्या व्यापारात पडले. नवरा गेल्यापासून व्यापार तीच बघते. त्या संध्याकाळी नंदुरबारला तिच्या घरी पोचल्यावर तिने मूगडाळीची खिचडी, कढी आणि पापड असं साधं जेवण केलं. कांदा-लसूण त्या घरात चालत नाही, पण कढी अशी की मी वाटीला वाटी लावून प्याले.

"उद्या तुला माझं वाहन दाखवते," ती म्हणाली. मला वाटलं, नवी मोटार घेतली असेल.

सकाळी आम्ही गावाबाहेर तिच्या पथारीवर (मिरची वाळत घालायच्या मोकळ्या मैदानावर) गेलो. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. 'नंदुरबार : मिरची' असं हजार वेळा फळ्यावर लिहिलं असेल. पण नजर पोचेल तिथपर्यंत जमीन लालच लाल आहे, हे बघायला मात्र निवृत्त व्हावं लागलं. पाणी मारून, रोलर फिरवून सपाट केलेल्या जमिनीवर मिरचीचे लांबच लांब वाफे पसरलेले होते आणि त्यांच्यामधून चालण्यापुरत्या वाटा होत्या. तोंडाला फडकी बांधलेल्या बाया मिरची खालीवर करत होत्या. गाडीतून उतरताच मला असा ठसका लागला की दोन मिनिटं बोलता येईना.

तेवढ्यात गोदामातून पुष्पा बाहेर आली. पंजाबी ड्रेस, डोक्यावर हेल्मेट, कोपर-गुडघ्यांना पट्टे, आणि पायांच्या मध्ये एक जाड चाक. एकच. त्याला सीट नाही, हँडल नाही, पायडल नाही. दोन्ही बाजूंना पाय ठेवायच्या दोन पट्ट्या, बस. ती त्यावर ताठ उभी राहून मिरचीमधल्या वाटेने सरसर निघून गेली, टोकाला वळली आणि परत आली.

"ही एकचाकी मुलाने सुरतेहून हौसेने आणली आणि दोनदा पडून माळ्यावर टाकली. माझ्या टाचा चालू देत नाहीत, पण उभं राहायला काही त्रास नाही. ही विजेवर चालते. पुढे झुकलं की पळते, मागे झुकलं की थांबते," ती म्हणाली.

मी पोट धरून हसले. मिरचीची शेठाणी आणि हे ध्यान! माझं हसून झाल्यावर ती म्हणाली, "उद्यापासून तू."

मी नाही नाही म्हणत होते, पण पुष्पासमोर आजवर कुणाचं चाललंय? दुसऱ्या दिवशी ती सगळी चिलखतं माझ्या अंगावर चढली आणि गोदामाच्या भिंतीला धरून माझी शिकवणी सुरू झाली. एक पाय पट्टीवर, पोटरी चाकाच्या कडेला टेकलेली, दुसऱ्या पायाने जमिनीला रेटा द्यायचा. चाक पुढेमागे पडू देत नाही, ते काम त्याचं. डावीउजवीकडचा तोल मात्र आपला. आणि गंमत अशी की उभ्याउभ्या तोल राहतच नाही, चालू लागलं तरच राहतो. मी उभ्यानेच तोल साधू बघत होते. चाक दर वेळी आडवं पडायचं, टुकटुक ओरडायचं आणि पडता पडता माझ्या नडगीवर एक ठेवून द्यायचं. दुपारपर्यंत दोन्ही नडग्या काळ्यानिळ्या झाल्या.

"हात धर माझा," मी पुष्पाला म्हटलं. बिचारी टाचा दुखत असताना माझा हात धरून दोन फेऱ्या चालली. हात असला की मी छान जायचे. हात सुटला की खाली.

तिसऱ्या फेरीला पुष्पा मटकन बसली आणि मी जोरात एकटीच पुढे निघाले. वाटेच्या कडेला एक बाई मिरची वेचत होती. चाक डुगडुगलं तसा मी तिचा हात गच्च धरला. तिने चटका बसावा तसा तो ओढून घेतला आणि मी सरळ मिरचीच्या वाफ्यात जाऊन पडले. लागलं काहीच नाही, खाली मिरचीची गादीच होती. पण पडल्या पडल्या मी शहाण्यासारखा डोळ्यांवरचा घाम पुसला.

पुढचा अर्धा तास मी कुणाला कायकाय बोलले ते मला आठवत नाही, आणि पुष्पा सांगत नाही. डोळ्यांत निखारे पेटले होते. पाण्याने धुतलं, धुतलं आणि धुतलं. मग कुणीतरी थंड दुधात भिजवलेली घडी मिटल्या डोळ्यांवर ठेवली आणि ताकाने माझे हात चोळून धुवायला लावले. आग उतरल्यावर डोळे उघडले तर समोर हात ओढून घेणारी तीच बाई बसलेली. चाळिशीची असेल. तिचं नाव जमनी, अक्कलकुव्याच्या पलीकडच्या डोंगरातली. दर हिवाळ्यात ती घरच्यांबरोबर कामाला खाली येते.

"तुम्ही हात का ओढून घेतला?" मी जरा फणकाऱ्यानेच विचारलं.

"मिरचीना हात शे मन्हा. पथारीवर कोणी कोणले हात देत नही," ती म्हणाली. (मिरचीचा हात आहे माझा. पथारीवर कुणी कुणाला हात देत नाही.)

मग पुष्पाने समजावून सांगितलं. काम चालू असताना इथे कुणी कुणाला शिवत नाही. दिलेला हात दुसऱ्याच्या डोळ्यांपर्यंत जातो. पाण्याचा गडीसुद्धा (तांब्यासुद्धा) हातात देत नाहीत, खाली ठेवतात. हे इथल्या सगळ्यांना इतकं ठाऊक की मला सांगायचं कुणाला सुचलंच नाही.

दुपारी आम्ही सगळ्याजणी गोदामाच्या सावलीत जेवलो. हात धुऊन जमनीने आपल्या फडक्यातली मक्याची भाकरी आणि उडदाची घट्ट डाळ माझ्यापुढे सरकवली. मी विचारलं, "आणि लेकरं रडली तर? त्यांना तरी घ्यावं लागत असेल."

"नही लेवाय (नाही घेता येत)," ती म्हणाली. "मी धाकली व्हती तवय मी बी आठेच पडू, रडू. मन्ही माय हात मांगे लई ले नि म्हने, ऊठ, मी आठेच शे." (मी लहान होते तेव्हा मीही इथेच पडायचे, रडायचे. माझी आई हात मागे घ्यायची आणि म्हणायची, ऊठ, मी इथेच आहे.) "आमना पोरे आठेच चालाले शिकतस. हात धरा बिगर."

तिने हे अगदी सहज सांगितलं आणि डाळीत भाकरी कुस्करली. माझा घास मात्र हातातच राहिला. मला केतकीचं लहानपण आठवलं, ती पडायच्या आधीच तिला उचलणारी मी आठवले, आणि मला केतकीचा राग आला, माझा स्वतःचाही आला. का ते तेव्हा नीट कळलं नाही.

पुढच्या दिवशी अंग इतकं ठणकत होतं की पुष्पाने सुट्टी दिली. तिला ब्राह्मणपुरीला एका शेतकऱ्याची मिरची बघायची होती, मीही गेले. प्रकाशा गावाजवळ तापी ओलांडली. पाणी थोडं, पात्र मोठं. पुढे दोन्ही बाजूंना केळी आणि पपई, आणि उत्तरेला सातपुडा. फळ्यावर मी तो नेहमी करवतीच्या दात्यांसारखा काढला. प्रत्यक्षात तो मऊ, निळसर आणि बराच लांब होता. शेतकरीदादांनी शेतातली पपई चिरून दिली. माझ्या नडग्या आणि लालबुंद डोळे बघून विचारलं, "काय व्हयनं ताई?" पुष्पाने सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. "शिकी जाशात (शिकून जाल)," एवढंच म्हणाले आणि आणखी एक फोड पुढे केली.

त्यानंतरच्या सकाळी मी स्वतःच पुष्पाला उठवलं. भिंतीला धरून चाकावर चढले आणि वाटेच्या तोंडाशी आले. दोन्हीकडे मिरची, दोन्हीकडे बाया आणि कुणाचाही हात उपयोगाचा नाही. खरं सांगायचं तर रडूच येत होतं. मी खाली चाकाकडे बघत होते.

"खाले काय देखी ऱ्हायनी?" जमनी वाफ्यातून ओरडली. "समोर देख. मी आठेच शे."

मी भिंत सोडली आणि पुढे झुकले. चाक आधी डावीकडे गेलं, मग उजवीकडे, मग त्याला काय वाटलं कोण जाणे, सरळ चालू लागलं. वाफे मागे जात होते. जमनी मागे गेली. मी गुडघे थोडे वाकवले आणि समोरच्या कुंपणावर नजर ठेवली. कुणी धरलेलं नव्हतं आणि मी पडत नव्हते. वर्षभरात पहिल्यांदा. मी मोठ्याने काहीतरी ओरडले. टोकाशी मात्र वळता येईना, म्हणून धडपडत खाली उतरले आणि वळून बघितलं. मला वाटलं, बाया टाळ्या वाजवतील. सगळ्या आपापल्या कामात होत्या.

फक्त जमनीने मान वर केली. "आते परत ये," ती म्हणाली.

टोकाला भिंत नव्हती. चाकावर चढायला सात प्रयत्न लागले, पण परत आले. उरलेल्या दिवसांत वळायलाही थोडंफार जमलं. पुष्पासारखी ऐटीत मी काही चालवू शकले नाही, आणि या वयात घरासाठी एकचाकी घ्यायचा वेडेपणाही मी करणार नाही. निघताना जमनीला भेटायला पथारीवर गेले. तिचे हात मिरचीचे होते. आम्ही दोघी हात मागे ठेवूनच हसलो.

रविवारी केतकी नाशिकला आली, खोकी आणि चिकटपट्टी घेऊनच. माझ्या नडग्या बघून ती किंचाळली. मी सगळं सांगितलं आणि त्याच दमात म्हणाले, "मी येत नाहीये, केतकी. मी इथेच राहणार."

"आणि पुन्हा पडलीस तर?"

"पडेनही. उठता आलं तर उठेन, नाही आलं तर तुला फोन करेन."

ती खोक्यावर बसली आणि रडायला लागली. "तू पडलीस आणि तुझा फोन आला त्या दिवशी पुण्याहून इथे येईपर्यंत काय झालं माझं, तुला माहीत नाही. तेव्हापासून मला झोप नाही, आई. तुला जमत नाही म्हणून नाही नेत मी. मला जमत नाही म्हणून नेतेय."

वर्षभर मी समजत होते की मला सावरायला तिने माझा हात धरलाय; खरं तर तीच माझ्या हाताच्या आधाराने उभी होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "मलाही भीती वाटते गं. तरी मी इथे राहते. तू वाटेल तेव्हा ये, वाटेल तितकी झोप. भाडेकरूंना मात्र नाही म्हणून कळव."

"तू कळव ना," ती म्हणाली.

"नाही. तूच ठरवलं होतंस ना? मी आहे इथेच."

तिने नाक पुसलं आणि फोन लावला. बोलताना तिचा आवाज फुटला, मध्येच ती थांबली आणि माझ्याकडे बघितलं. एरवी मी फोन काढून घेतला असता आणि पुढचं बोलून टाकलं असतं. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले, आणि ते वाक्य तिने एकटीनेच पूर्ण केलं.