काळी चारचा सूर

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून चुलीकडं जाते. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काही मानायचं नाही, हे मला आबांनी, माझ्या वडिलांनी, शिकवलं. म्हणून हे कुणाला सांगत नाही. वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवते, बस्स.

माझं माहेर बारामती, सासर इंदापूर. आबा भजनात पेटी वाजवत. मलाही त्यांनीच शिकवली, आणि लग्नात माझी पेटी माझ्याबरोबर दिली. पण पाठवणीआधी फळी उघडून तिच्यातला एक सूर, आवाज देणारी पितळी जिभली, त्यांनी काढून घेतला. काळी चारचा. माझा गळा त्याच पट्टीत लागतो.

"लेकीचं कायतरी माहेरी ऱ्हावं लागतं," म्हणाले. "पयल्या सणाला पेटी घिऊन ये, बसवून दीन."

इंदापूरला पेटी गाडीतून उतरली आणि मामंजी, माझे सासरे, म्हणाले, "तमाशाच्या फडावरची हाय व्हय ही? माळ्यावर टाका ते!"

पहिल्या सणाला रिकाम्या हातांनी गेले. आबांनी पानाचा डबा पुढं ओढला. सात वर्षांनी ते वारले. निरोप आला त्या दिवशी घरात पाहुणे होते, म्हणून मला तो तिसऱ्या दिवशी सांगितला. सासूबाई म्हणाल्या, "मग सैपाक कुणी केला असता?"

सन छत्तीसच्या कार्तिकात धाकट्या नणंदेला, वत्सीला, कळसचं स्थळ आलं. मुलगा शाळामास्तर. त्याला गाणारी बायको हवी होती. तेव्हा मामंजींना पेटी आठवली…

"सूनबाई, ती काढा खाली. वत्सीला एखादं पद शिकवा."

भात्यात उंदरांनी पिलं घातली होती. कुरतडलेल्या जागी मऊ कातडं चिकटवलं. एकेक सूर काढून पिसानं झाडला, अडकणाऱ्या पट्ट्या घासल्या, खाली बसलेल्यांना कागदाच्या घड्या लावून सारख्या केल्या. तिसऱ्या दिवशी भाता धरला. सूर लावला — आणि तीच माझी पेटी! नऊ वर्षं मीही तिला अडगळच म्हणत होते, त्याची लाज वाटली.

काळी चार मात्र मुकी. दाबली की नुसती हवा. सुराचं घर रिकामं. स्क्रूंची दोन भोकं मी मेणानं बुजवली आणि ती पट्टी टाळून वत्सीला पद बसवून दिलं.

"वन्सं, हिला बोट लावायचं न्हाय."

"माजी बोटं माजं ऐकत्यात व्हय, वहिनी?"

पाहायच्या दिवशी दुपारी कळसचे पाहुणे आले. मी दाराआड उभी होते. वत्सी घाबरली, आणि व्हायचं तेच झालं. तिचं बोट काळी चारवर पडलं.

सूर आला. भरलेला, स्वच्छ. वत्सीनं दचकून दाराकडं पाहिलं. बोट उचलायचंही तिला सुचेना.

"हा सूर फार गोड आहे," मास्तर म्हणाला.

मामंजी मिशीत हसले. "आमच्या घरातलीच पेटी हाय."

पाहुणे गेल्यावर मी फळी उघडली. घर रिकामं. मेणसुद्धा जागच्या जागी. पट्टी दाबली — नुसती हवा.

लग्न ठरलं. पेटी वत्सीबरोबर द्यायची, असं मामंजींनी परस्पर सांगितलं. मी ह्यांना जन्मात पहिल्यांदा उलट बोलले, "पेटी माजी हाय."

"तू तरी कुठं वाजवतीस?" हे म्हणाले.

लग्नाला माझा भाऊ बारामतीहून आला. त्याला पोचायला उशीर झाला. वऱ्हाड पेटी घेऊन निघून गेलं होतं. त्यानं माझ्या हातात एक पुडी ठेवली.

"आबांच्या पानाच्या डब्यात हुती, ताई. तुजं लगीन झाल्यापास्नं तितंच हाय. मरताना म्हणालं, पेटी आली की बसवा."

आत काळी चारचा सूर होता.

संक्रांतीला वत्सी आली. "वहिनी, ती पट्टी तितं वाजतच न्हाय. घरात इचारत्यात, मग त्या दिशी कशी वाजली?"

"मला काय ठावं?" मी म्हटलं. सूर माझ्या कुंकवाच्या करंड्यात होता. तिला दिला नाही. अजून तिथंच आहे.

त्या दुपारी काय वाजलं, हे मला आजही कळलेलं नाही. आबा आले होते म्हणावं, तर एवढंच विचारावंसं वाटतं — नऊ वर्षं मी वाट पाहत होते, आणि तुम्ही आलात ते वत्सीचं लग्न जमवायला?