आईच्या हातातलं कॅमेलियाचं फूल

मंडळी, आज पुण्याहून आलेल्या आईला इथलं, न्यूझीलंडमधल्या टौरंगाजवळचं एक जुनं हेरिटेज घर दाखवायला नेलं.

बागेत बघते तर आईच्या हातात कॅमेलियाचं फूल. मी चिडलेच. "आई, इथे फुलं तोडायची नसतात."

"अगं, खाली पडलेलं उचललंय."

मला काही ते पटलं नाही. पुण्यात ती रोज शेजाऱ्यांच्या कुंपणावरची फुलं पूजेला तोडते.

आत त्या घराच्या पहिल्या मालकिणीचा फोटो होता. आईने ते फूल फोटोसमोर ठेवून नमस्कार केला. तिथल्या व्हॉलंटियर आजी आल्या, तशी मी घाईघाईने सॉरी म्हटलं.

"राहू दे. ते झाड या फोटोतल्या बाईंनीच लावलंय. रोज इतकी फुलं गळतात, उचलून थकतो आम्ही."

येताना गाडीत माझ्या लक्षात आलं: सॉरी मी फक्त त्या आजींना म्हटलं होतं.

तुम्ही आईला सॉरी कसं म्हणता?