वहिनीच्या गोळ्या

हे मी आजवर कोणापाशी उच्चारलेले नाही. लिहिण्याचा सराव नाही; साठीनंतर प्रथमच स्वतःविषयी लिहायला बसले आहे — आणि हात अजूनही मागे येतो.

पन्नासचे दशक संपत आले होते. कळसाडीच्या आमच्या घरात वाचता येणारी बाई मी एकटीच. म्हणून वहिनीला सहाव्या महिन्यात लघवीची आग सुरू झाली, तेव्हा शहाद्याच्या डॉक्टरांनी सल्फाच्या गोळ्यांची पुडी माझ्या हाती दिली. भरपूर पाणी पाजायचे, आणि आग थांबली तरी सगळ्या गोळ्या संपवायच्या. औषध अर्धवट राहिले तर उरलेले जंतू त्याला जुमानत नाहीत — हेही मलाच समजावले. मला ते नीट समजले होते. हे आधीच सांगते.

तिसऱ्या दिवशी वहिनीची आग थांबली. “पानी पी पीसन मन्हं पोट तापी नदी व्हई गयं वं ताई!” म्हणून ती हसली.

आणि मी? — मलाही तीच आग होत होती. कितीतरी दिवसांपासून. सोयरीक ठरत आलेल्या मुलीने असे दुखणे कोणाला सांगावे? आईला? आणि तिच्याकडून ते कुठवर गेले असते? त्या संध्याकाळपासून वहिनीला नुसते पाणी दिले. गोळी मी गिळत राहिले.

“गोया सरी ग्यात का?” तिने विचारले.

“सरी ग्यात.”

मला बरे वाटले. आठवड्याभरात वहिनी अशी कापू लागली की खाली बाज वाजत होती. पाठीत कळा, अंगात फणफणता ताप. डॉक्टर घरी आले. माझ्याकडे पाहून त्यांनी विचारले, “मागच्या सगळ्या गोळ्या दिल्या होत्या ना?”

तेथे — तेथे तरी बोलता आले असते. मला भीती कशाची वाटत होती? वहिनी मरेल याची, की माझे दुखणे उघडे पडेल याची?

“हो. माझ्या हाताने.”

म्हणून जुने दुखणे उलटलेले नाही असे धरून त्यांनी तो हिवताप मानला आणि कोयनेल दिले. दोन दिवस तसेच गेले. खरे दुखणे ओळखून इंजेक्शने सुरू होईतो मूल अवेळी जन्मले होते. पाचवी पुजण्याआधीच ते गेले.

वहिनी वाचली. माझ्या लग्नात ती पाहुण्यांना सांगत होती, “मन्ही नणंद व्हती म्हनीसन मी वाचनू.” मी मान खाली घातली. नवरी लाजली म्हणून बायका हसल्या.

गेल्या वर्षी वहिनी वारली. शेवटपर्यंत ती तेच सांगत होती, आणि मी ते ऐकून घेत होते.