बाळाबाईच्या जिभेवरचा राखणदार

बोनकोड्याच्या बाळाबाईला घाबरवणं हे सोपं काम नव्हतं. एकदा चिंबोरीनं तिचा अंगठा नांगीत पकडला, तर ही लोंबती चिंबोरी घेऊन तशीच बाजारात बसली आणि गिऱ्हाइकाला म्हणाली, "ताजी हाय का इचारतंस? माज्या अंगठ्याला इचार!" नवरा लवकर गेला. शेत होतं तिथं टॉवर आले. पण बाई खाडीला धरून राहिली, चिंबोऱ्यांवर पोरं मोठी केली आणि आता नातू रूपेशचं तान्हं मांडीवर घेऊन निवट्या मासळी साफ करायची. असल्या बाईला भीती कशाची वाटली, ती गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

खाडीच्या बांधावर शेंदूर लावलेला एक दगड आहे. तो राखणदार. बांध फुटू नये, खारं पाणी गावात शिरू नये, म्हणून वर्षाला त्याला राखण द्यायची. किती द्यायची ते गावकी ठरवणार. देवळाच्या ओट्यावर सगळी घरं जमायची, भांडायची, चहाची किटली रिकामी करायची आणि शेवटी दरसालचंच ठरायचं, घरटी एक नारळ. बाळाबाईच्या घराला मान होता तो फक्त टोपली वाहण्याचा. तिचा सासरा भगत. त्याच्या अंगात यायचं, बोकड मागायचं, कोंबडा मागायचं; गावकी हात जोडायची, "देवा, ठरलाय तो नारळ घे." आणि देव निमूट घ्यायचा. सासरा शुद्धीवर आल्यावर हसायचा, "देव झाला म्हनून काय झाला? गावकीपुढं त्याला पन खाली बसायला लागतं."

सासरा गेला, अंगात यायचं ते बाळाबाईकडं आलं. आणि मागल्या साली गावकी बसलीच नाही. गावकीचा म्होरक्या हौसेराव, तीन बिल्डिंगांचा मालक. त्यानं फोनवरच निकाल लावला, "काकी, मीटिंगला टाइम कोनाला हाय? राखनदाराला तूच इचार. तो काय मागल ते ग्रुपवर टाकायला सांग रूपेशला. आमी देतो, इषय संपला."

एवढ्या एका फोननं, गावकीनं ठरवायचं ते सगळं बाळाबाईच्या तोंडात आलं.

अमावास्येच्या भरदुपारी, भरती बांधाला लागलेली असताना, ती दगडापुढं बसली. तोंडात आपोआप खारं पाणी सुटलं. जीभ जड झाली, जणू तिच्यावर कुणी ओलं बोट ठेवलंय. आणि तिच्याच आवाजात, पण तिच्या पाठीमागून आल्यासारखा शब्द आला, "दोन नारळ."

दिले. पुढच्या अमावास्येला कोंबडा. दिला. वर्षाची राखण महिन्याची कधी झाली, कुणी विचारलं नाही. मग बोकड. मग घराघरातल्या सुनेच्या हिरव्या बांगड्या. ग्रुपवर हात जोडल्याची चित्रं पडत राहिली. आणि नंतर एकदा आवाज म्हणाला, "नव्या लेकराचं जावळ." नवं लेकरू गावात एकच, रूपेशचं. रूपेशच्या बायकोनं, उन्नतीनं, डोळे पुसत पोरीचं डोकं पुढं केलं. काळंभोर जावळ पाण्यावर ठेवलं तर ते वाहून गेलं नाही. जागच्या जागी गोल फिरलं आणि खाली ओढलं गेलं.

त्यानंतर एक दिवस, ना अमावास्या ना भरती, बाळाबाई ओट्यावर पोरीला खेळवत होती. तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवताना तोंडात खारं पाणी आलं. जीभ जड झाली. शब्द दातांपर्यंत आला.

"जावळाखालचं."

तिनं जीभ चावली. रक्त आलं, पण शब्द बाहेर पडू दिला नाही. पोरगी तिच्याकडं बघून खुदकन हसली, आणि बाळाबाईनं पहिल्यांदाच तिला मांडीवरून उतरवून लांब ठेवलं.

त्याच आठवड्यात हौसेरावाची पुतणी सुचिता आली. ती वकील. खाडीच्या रस्त्यावर एका प्राधिकरणानं आडवा दांडा बसवला होता. टोपली घेऊन जायचं तरी आकार, म्हणजे पैसे, भरायचा, आणि तो महिन्यागणिक वाढता. त्याविरुद्ध हायकोर्टात जायचं, म्हणून तिला अर्जावर बाळाबाईचा अंगठा हवा होता.

"त्यांना पैसं घेयाचा हुकूम कोनी दिला?" बाळाबाईनं विचारलं.

"तीच तर मेख आहे, आजी. घटना म्हणते, कायद्याशिवाय कर घ्यायचा नाही. आणि कायदा करायचा आपण निवडून दिलेल्यांनी. प्राधिकरणानं वसुली करावी, एक वेळ दरही ठरवावा. पण कुणाकडून घ्यायचं, कशासाठी, कुठवर, ही कुंपणं विधानसभेनंच घालायची. इथं कायद्यात लिहिलंय, प्राधिकरणाला योग्य वाटेल तो आकार. बस्स! कुंपणच नाही."

"कुंपन नसलं तर काय व्हतं?"

"काय होणार? ते मागत राहतात."

"त्यांची भूक भागत नाय?"

सुचिता हसली. "भूक त्यांची नसतेच आजी. मोकळ्या अधिकाराची असते. उद्या तुम्हाला खुर्चीत बसवलं तर तुम्हीही मागाल."

बाळाबाई हसली नाही. तिनं अंगठा उठवला आणि अनवाणीच हौसेरावाकडं गेली.

"गावकी बसव."

"काकी, टेन्शन नको घेऊ. रविवारी ऑनलाइन घेऊ."

"ओट्यावर बसव. अमावास्येच्या आत. नायतर या टायमाला राखनदार काय मागतो ते आइक." तिनं त्याच्या कानाशी तोंड नेलं. काय बोलली ते कुणाला कळलं नाही, पण हौसेरावानं हातातली गाडीची चावी खाली पाडली आणि ती उचलायला वाकला नाही.

गावकी बसली. हौसेराव सगळ्यांआधी येऊन बसला होता. बाळाबाई मधोमध उभी राहिली. "तुमी दिलेला ठरवायचा हक तुमाला परत. टोपली माजी, इचार तुमचा. माज्या तोंडून काय पन येवो, ठरल्याबिगर देयाचं नाय." खूप दिवसांनी लोक भांडले, चहा कमी पडला म्हणून परत भांडले, आणि ठरलं, वर्षाला घरटी एक नारळ. दरम्यान हायकोर्टानं त्या आकाराला अंतरिम स्थगिती दिली. दांडा वर उचलला गेला, खटला अजून चालू आहे.

अमावास्येला भरदुपारी बाळाबाई नारळांची टोपली घेऊन एकटी बांधावर गेली. खाडी काठोकाठ भरलेली, वारा पडलेला, बगळेसुद्धा कुठं दिसेनात. नारळ ठेवले. पाणी दगडाच्या शेंदरापर्यंत चढलं. तोंडात खारट आलं, जीभ जड झाली, आणि पाठीमागून तिच्याच आवाजात कुणीतरी विचारलं, "बाकीचं?"

तिनं मागं वळून पाहिलं नाही.

"मना नको इचारू," ती म्हणाली. "गावकीला इचार."

मग जिभेवरचं ओझं उतरलं. बांधाच्या चिखलात, तिच्या पावलांशेजारी, ओल्या पावलांचे ठसे एकामागून एक उठत गेले आणि देवळाच्या ओट्याच्या दिशेनं वळले.